राज्याबाहेरची

खिडकीमागच्या बाईंच्या चष्म्याला मण्यांची साखळी होती
आणि आवाजात खरीखुरी हळहळ.
"तू राज्याबाहेरची धरली जातेस, बाळ," त्या म्हणाल्या,
"म्हणून फी तिप्पट."

मी वळून पाहिलं,
राज्याबाहेरचं कोण आलंय ते.

मागे केल्सी उभी होती.
नदीपलीकडच्या राज्यातली,
रोज पूल ओलांडून येणारी.
तिला सवलत आहे, शेजारधर्माची.
तिच्यावर राग नाही,
मी अर्ज भरला तो पेन तिचाच होता.
आणि नदी तर मीही ओलांडलीय,
एकदाच,
आईच्या पाठीवर, झोपेत.

आमचं घर इथून चार गल्ल्यांवर.
कॉलेजच्या टॉवरचे टोले मोजून
आई भात गॅसवरून उतरवते.

"वास्तव्याचा पुरावा?"

आहे ना.
दुसरीत पडलेला माझा दात
शाळेच्या झोपाळ्याखालच्या मातीत आहे, खणून बघा.
लसींचं पिवळं कार्ड आहे.
वाचनालयाचा दंड आहे, एक डॉलर चाळीस सेंट,
शार्क माशांच्या पुस्तकाचा, अजून थकलेला.
वावटळीचा भोंगा वाजला त्या दुपारी
डोक्यावर हात घेऊन
भिंतीलगत ओणवी बसलेली दोनशे मुलं
विन्फ्री सरांनी दोनदा मोजली होती.
दोन्ही वेळा मी
आतली होते.

आणि माझी बोली ऐका की.
इथल्यासारखीच, उन्हात राहिलेल्या लोण्यागत पसरणारी.
मी स्पॅनिशमध्ये भांडायला लागले
की आई भांडण विसरून हसते.

"हे नाही गं," बाई म्हणाल्या, "दाखला."

दाखला नाही म्हणून दाखल नाही,
दाखल नाही म्हणून दखल नाही.
एवढंच होतं ते, शांतपणे झालं,
प्रिंटरसुद्धा वाजला नाही.

खाली पाहिलं.
पायाखाली करडा गालिचा, आईच्या गिरणीतला.
काठाच्या दुहेरी शिवणीवरून ओळखू येतो.
रात्रपाळीहून ती परतते तेव्हा
तिच्या भुवयांत हेच तंतू असतात,
मी चिमटीने काढते, ती बसल्या बसल्या डुलक्या घेते.
सोळा वर्षं तिच्या पगारातून
राज्याचा कर कापला जातोय.
तो मात्र राज्यातल्या दराने.

बाहेर येऊन
बूट पुसले होते का आठवत राहिले.
पुसले होते.

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर
विजेच्या बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडला.
पदवीला चाळीस विषय.
बेकरीतली पहाट आणि शनिवारची धुणीभांडी धरून
तिप्पट दराने वर्षाला तीन झेपतील.
तेरा वर्षं, आणि एक विषय वर.
पहिला: केमिस्ट्री, मंगळवार-गुरुवार, संध्याकाळी सहा.

आई बिलाची पुढची बाजू वाचत होती.
मी मागची.
कागद एकच, दोघींनी धरलेला.

समोर उरिएल पाय हलवत दूध पीत होता.
नऊ वर्षांचा.
जन्म इथलाच, गिरणीमागच्या इस्पितळातला,
त्याचा दाखला बिस्किटांच्या डब्यात,
प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत.
त्याने माझी बेरीज तपासली, स्वतःचं वय मिळवलं,
ओठांवर दुधाची मिशी तशीच.

"म्हणजे आपण दोघं एकदमच पास होणार?"

"हो. तू नापास झाला नाहीस तर."

त्याने थोडा विचार केला.
एवढ्या मोठ्या गोष्टीवर करावा तितकाच.

"मग खिडकीजवळची जागा माझी,"
तो म्हणाला,
"आधीच सांगून ठेवतो."