भेंडीचा उतारा

दुकानातल्या पाकिटावरची भेंडी फारच देखणी होती.
आत चाळीस दाणे, गुलाबी औषध फासलेले,
कोपऱ्यात बारीक अक्षरात: खाऊ नये.
भेंड्या आल्या. पाच शिरांच्या, गडद, एका मापाच्या,
एकाच साहेबाने सही केल्यासारख्या.
त्यांचंच बी धरलं, तर पुढच्या वर्षी
एक झाड गुडघ्याएवढं, एक माझ्याएवढं,
आणि एकाला नुसतीच पानं.

मला हवी होती सात शिरांची.
फिकी, हातभर लांब,
जून झाली तरी सुरीशी भांडत नाही ती.
त्यासाठी म्हापशाचे चार शुक्रवार हिंडले,
चणे-फुटाणे, सुके बांगडे, मातीची बुडकुली ओलांडत.
शेवटी केळीवाल्यांच्या मागे
आस्नोड्याची आपोलीन सापडली.
टोपलीत भेंड्या, आणि चोळीत चष्मा.

बी मागितलं तर म्हणाली,
"बीं विकपाचें न्हय गो."
मग हुर्राकच्या बाटलीतून, राखेसकट,
माझ्या तळहातावर अकरा दाणे ओतले.
बाराव्यासाठी मी वाट पाहिली.
तिने बूच लावलं.
"पयल्या झाडाचो तिसरो भेंडो दवर. खावंक ना."

साळगावच्या भाड्याच्या घरामागे
विहिरीच्या सांडपाण्याकडे नऊ उगवले.
तिसऱ्या भेंडीला मी तांबडा दोरा बांधला,
सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली.

चवथीला धाकटे दीर उल्हास आले,
माटोळीचं सगळं त्यांनी अंगावर घेतलं.
माट्टुळ्या, कांगल्या, सुपारीचे घोस,
आणि मधोमध, गणपतीच्या बरोबर डोक्यावर,
तांबड्या दोऱ्यासकट माझी भेंडी.
"वहिनी, दोरा आयताच होता," म्हणाले,
"म्हटलं, माटोळीसाठीच राखली असणार."

देवाच्या डोक्यावरची भेंडी कशी सोडवायची?
आरतीत मी टाळ वाजवत होते
आणि डोळे वर.
घरातल्यांना वाटलं, यंदा भक्ती वाढली.

बाकीच्या भेंड्या तोवर पाहुण्यांच्या पानात गेल्या होत्या.
पाऊस लांबला, झाडं मुळातून कुजली.
माटोळी उतरल्यावर ती एक फोडली. दाणे पांढुरके, मऊ,
नखाने दबणारे. तरी वाळवले.
पेल्यात पाणी घेऊन टाकले:
चौतीस तरंगले, सहा बुडाले.
सहांतले दोन रुजले.
पुढे वर्षभर मी त्या दोघांची उठबस केली,
ऑफिसातून दुपारी फोन करून:
ऊन कुठवर आलंय?

आमच्या सर्वे ऑफिसात एक-चौदाचे उतारे छापताना
शाई फराटली की कागद बाद.
त्या कागदांच्या मी पुड्या बांधते.
कब्जेदाराच्या रकान्यात लिहिलं: भेंडी, सात शिरा.
कुळाच्या रकान्यात माझं नाव.
शेजारच्या टेबलावरचे नाईक बघून म्हणाले,
"फेरफार कोण मंजूर करणार?"

कार्तिकात एक पुडी घेऊन आपोलीनकडे गेले.
जागा तीच, टोपली तीच,
भेंड्या मात्र आखूड.
मी काही विचारायच्या आत तीच म्हणाली,
शेजाऱ्याने कुंपणापलीकडे कंपनीची लावली होती,
मधमाश्यांना कुंपण कळत नाही.
"पांच जाल्यो गो, शिरो."
आणि चष्मा पुसत बसली.

मी पुडी पुढे केली. तिने उघडली नाही.
"भेंडो हाडला?"
पर्समध्ये एक सुकी होती, हाडासारखी खडखडणारी.
ती तिने कानाशी हलवली,
मग अंगठ्याच्या नखाने शिरा मोजू लागली,
एक, दोन, तीन, पुटपुटत,
जपमाळ ओढावी तशी.
आमच्याकडची दोन झाडंसुद्धा रस्त्याला लागून होती,
हे मला तेव्हाच आठवायचं होतं.

सहा, म्हणाली.
मग भेंडी उजेडाकडे धरून
पहिल्यापासून पुन्हा.