लाल ठिपका

अडतीस वर्षं मी लोकांचे मीटर वाचले,
परळपासून अँटॉप हिलपर्यंत,
जिन्याखालच्या काळोखात, बॅटरी दातांत धरून.
तेव्हा चकती फिरायची.
तिच्या वेगावरून कळायचं
कुणाकडे इस्त्री चालू आहे,
कुणाकडे चोरून शेगडी.

आता नुसता ठिपका लुकलुकतो.
रात्री दीडला चप्पल न घालता खाली जाऊन पाहिलं:
ठिपक्याला धाप लागलेली.
वर श्रीरंग खेळतोय.
हप्त्यावर आणलेला कन्सोल, पांढरं धूड,
टीव्हीखालच्या कप्प्यात कोंबलेलं,
मागे बोटभरही जागा नाही.

"दोनशे वॅट," मी म्हणालो, "तीन पंख्यांचं खाणं एकटा खातो."
"बाबा, एवढं शेवटचं."
शेवटचं असं काही नसतं,
एवढं तरी बिलांनी मला शिकवलंय.

मे महिना. भिंतीला पाठ टेकवत नाही.
धुडाच्या पोटातला पंखा आधी गुणगुणला,
मग घरघरला, मग
पडद्यावर दोन ओळी, आणि सगळं काळं.
फार तापलं म्हणून आपणहून बंद झालं.

हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.
इतके उन्हाळे जिने चढलो,
मला कुणी असा कटआऊट बसवला नाही.

श्रीरंग त्यावर तळहात ठेवून बसला होता,
पोराचा ताप बघावा तसा.
मी काही बोललो नाही.
माझ्या उशाचा टेबल फॅन उचलला,
त्याच्याकडे तोंड करून लावला.

पंचावन्न वॅट.
सकाळी वहीत मांडीन.