दोनशे बारा

राजाराम तलावाच्या काठावर, पहाटे पावणेसहाला,
दंडावर मार्करनं आकडा लिहिणारी पोरगी म्हणाली,
"काका, हात कोरडा करा, शाई धरत नाही."
कशानं करू? टॉवेलच पिळायला आलेला.
परतीचा पाऊस रात्री दोनला आला
आणि भाडं थकवलेल्या बिऱ्हाडासारखा
जागचा हलेना.

आम्ही चौघं.
बसगोंडा, कागलच्या शाळेत भूमिती शिकवतो.
प्रणोती दिवसभर लोकांच्या अक्कलदाढा उपटते;
तिची स्वतःची जागेवर आहे का, ही शंका आज आम्हाला.
मुबीनची मार्केट यार्डात कांद्याची अडत.
आणि मी, शिरोलीच्या फौंड्रीत
भट्टीपाशी वीस वर्षं.
पाण्याशी ओळख एका विहिरीपुरती:
नवव्या वर्षी मामानं पाठीला डबा बांधून
"बुडलास तर हाक मार" म्हणत ढकललेलं.

शिट्टी झाली.
खाली तलाव, वर पाऊस,
आपण यातल्या कुठल्या पाण्यात पोहतोय
हे वळून श्वास घेतल्यावरही कळेना.
खुणेचा फुगा दिसेना. एक पिवळी टोपी दिसली,
म्हटलं, प्रणोतीच.
बँकेच्या रांगेत पुढच्याची मान बघत सरकावं
तसा गेलो तिच्या मागं.
काठावर प्रणोती भेटली, तिची टोपी निळी.
"अरे, मी तर तुझ्या मागं होते."

मग सायकल. नव्वद किलोमीटर.
ट्रक जाताना अख्खा रस्ता उचलून अंगावर टाकत होते.
दूधगंगेच्या पुलावर आडवा वारा.
तवंदीच्या उतारावर ब्रेक दाबले,
ब्रेकांनी ऐकून घेतलं,
केलं काही नाही.

निपाणीच्या अलीकडं मुबीनचं मागचं चाक बसलं.
"जावा रं तुम्ही! टायमिंग जाईल!"
बसगोंडा उतरला, काही न बोलता चाक धरून उभा राहिला,
फळ्यावर कंपास धरावा तसा.
मी उतरलो.
प्रणोती पुढं गेलेली, ती वळून आली.
सहा हातांची बोटं गारठून लाकूड झालेली,
पण अंधाऱ्या, ओल्या, अरुंद जागेत
काम करायची सवय तिच्याच बोटांना.
टायरमध्ये चाचपलं, चिमटीत धरलं, ओढलं,
आणि बाभळीचा काटा पावसात वर धरून म्हणाली,
"मुळासकट."
मुबीन म्हणाला, "चूळ भरू का आता?"
हसण्यात आणखी एक मिनिट गेलं.

युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर एकवीस किलोमीटर.
बुटांत पचाक, बुटांत पचाक,
बाराव्या किलोमीटरला डावी पोटरी
सासुरवाशिणीसारखी रुसली.
चाललो. एका झाडाला धरून उभा राहिलो.
पाण्याच्या टेबलावरच्या म्हाताऱ्यानं
पाणी नाही, चहा दिला.
पावसानं कप रिकामा होऊ दिला नाही.
चव जात गेली, तरी पीत राहिलो.

पोचलो तेव्हा मांडव उतरवत होते.
पंक्चरला गेलेली मिनिटं: बारा.
मला झालेला उशीर: नऊ मिनिटं.
बसगोंडानं ही वजाबाकी केली,
मला दिसली त्याच्या डोळ्यांत,
तोंडानं म्हणाला, "ये, बस."
शेवटच्या रेघेची फीत गुंडाळून नेलेली,
म्हणून प्रणोती आणि मुबीननं
कांद्याचं रिकामं पोतं दोन टोकांना धरून आडवं ताणलं.
मी छातीनं ते ओलांडलं.
अंगाला ओल्या तागाचा वास लागला.
मुबीन गळ्यातलं मेडल काढत म्हणाला,
"पाटाच्या पाण्यासारखं करू.
आठवडाभर तुझी पाळी, आठवडाभर माझी."

सोमवारी भट्टीवर बाही वर सारली.
सगळं धुवून गेलं, आकडा तेवढा राहिलेला.
मोल्डिंगचा दगडू वाकून वाचतो:
"दोनशे बारा? मिस्त्री, हा हीट नंबर कुठला?"
म्हटलं, माझाच.
"मग पास का रिजेक्ट?"

गार होऊ दे, म्हटलं.
मग बघू.