आडवा छेद

देठाकडून नको, कमरेतून काप,
असं मी नववी 'ब'ला सांगते.
सुरी आत जाते आणि एसीच्या घरघरीतही
वास शेवटच्या बाकापर्यंत पोचतो.
सालीतल्या तेलाच्या इवल्या कोठ्या फुटल्या, एवढंच.
लिहा: तैलग्रंथी.

लिंबं खल्फानची. सोहारच्या आमच्या शाळेची बस चालवतो,
लिवाला, समुद्राच्या अंगाला, त्याची बाग.
विहीर आता खारट लागते म्हणतो.
सकाळी बसच्या चावीशेजारी पिशवी ठेवतो,
पैसे घेत नाही.

फळ्यावर मी चाक काढते.
बाहेर साल, मग पांढरा मऊ थर,
मग दहा आऱ्या.
प्रत्येक फोड म्हणजे
फुलातल्या अंडाशयाचा एकेक कप्पा.

रस कशात असतो? शेरीन विचारते.
केसांत.
कप्प्याच्या भिंतीवरून आत वाढलेले केस,
फुगून फुगून रसाने भरलेले.
वर्गभर 'ईऽऽ'.
दरवर्षी याच क्षणाची मी वाट बघते.

बी भिजवली तर कधी दोन कोंब येतात, कधी तीन.
एखाद्यात बापाचा पराग असतो.
बाकीचे निव्वळ आई,
परागाशिवाय उगवलेली, तीच पुन्हा.
आणि बहुतेक वेळा तीच जोर धरते.
हे अभ्यासक्रमात नाही, म्हणून मी भरभर बोलते.

मी वरुडची. जंबेरीच्या खुंटावर
संत्र्याचा डोळा बांधताना बघत वाढले.
फोनवर 'हॅलो' म्हटलं की मावशी
अजून मला आईच समजते,
'अगं, किती दिवसांनी,' म्हणते,
आणि मग आम्ही दोघी थोडा वेळ बोलत नाही.

मार्चमध्ये खल्फानने एक फांदी आणली.
टोकाला बारीक फिक्या पानांचा गच्च झुबका,
फूल नाही, काटासुद्धा धड नाही.
'मिकनसा,' म्हणाला, आणि हाताने झाडून दाखवलं.
केरसुणी.
किती झाडांना? त्याने खिडकीबाहेर पाहिलं.

या आठवड्यात पिशवीत लूमी होती,
गेल्या साली वाळवलेली,
काळी, हलकी, कानाशी हलवली तर खुळखुळणारी.
ओली संपली.

सुरी घसरते. मुठीने फोडावी लागते.
आत राळेसारखा काळोख,
केस सुकून भिंतींना चिकटलेले,
पण भिंती तशाच उभ्या.
शेरीन पेन्सिलीच्या टोकाने मोजते,
परत मोजते.
'मॅडम, नऊच आहेत.'

मी डस्टर घेते,
दहाचं चाक पुसते.