मानधन

पाकीट तिनं मंचावरच फोडलं.
नोटा मोजल्या, अंगठ्याला थुंकी लावून,
आमच्या आया विड्यांचे कट्टे मोजतात तशा.
एकवीस हजार.
मग निवेदकाला म्हणाली, माईक द्या जरा इकडे.

मी तिच्या मागे, उत्तम आक्रमक,
हातात जिलेटीन गुंडाळलेला स्टीलच्या डब्यांचा सेट.
मुलांच्या उत्तम आक्रमकाला सायकल होती.

नागमणी गुंडेटी, कप्तान, गुडघ्याला पट्टी, म्हणाली,
पुरुषांना एकावन्न.
खांब तेवढाच उंच, डाव नऊच मिनिटांचा,
आम्हाला काय सहाचा दिला होता?
आमची फायनल दुपारी बाराला लावलीत,
मे महिन्यात, सोलापुरात.
त्यांची रात्री, दिव्यांखाली.

अहो ताई, हे मानधन असतं, कुणीतरी समजावलं.
मान ठेवा तुमच्याकडे, ती म्हणाली,
धनाचं बोला.

मागचे लोक हसले. पहिली रांग नाही.
तिनं वळून आमच्याकडे पाहिलं,
अकराजणींकडे, एकेक करून.

खो पाठीमागून मिळतो.
हात लागतो, शब्द येतो, आणि उठायचं असतं.
मला शब्द ऐकू आला होता.
माझे डबे खडखडले फक्त.

रात्री आईला सांगितलं. मांडीवर सूप,
कात्रीखाली तेंदूची पानं.
ती म्हणाली, विड्या आम्ही बायकाच वळतो,
म्हणून तर दर असा. पुरुष वळत असते ना...
पुढचं वाक्य तिनं दोऱ्यानं बांधून टाकलं.

लीगच्या यादीत नागमणीचं नाव आलं नाही.
कारण: शिस्त.
आता ती विडी घरकुलच्या मोकळ्या जागेत पोरी पळवते
पहाटे साडेपाचला,
आणि दर महिन्याला संघटनेला एक पत्र, रजिस्टर पोस्टानं.
पोचपावत्या मागाच्या तारेत ओवलेल्या.
उत्तर एकदाच आलं, त्यात तिचं आडनाव चुकलेलं.

डबे अजून आहेत माझ्याकडे.
मधल्याचं झाकण पहिल्या दिवसापासून बसत नाही,
त्यात मी सुट्टे पैसे ठेवते.

परवा ती आली. एकेचाळिसावं पत्र,
खाली सह्यांसाठी रेघा आखलेल्या,
पट्टी नसावी, जरा वाकड्याच.
पोरींची नावं होती, आठवीतली अक्षरं,
वर एक जागा रिकामी.

पेन सापडेना. मग सापडलं.
सही मराठीत करू की इंग्रजीत, मी विचारलं.

मोठ्यानं कर, म्हणाली.