डावी कड

डॉकयार्ड रोडच्या मागे, बेकरी आणि लेथच्या मधल्या जिन्यावर
मिस्टर लिउंग यांची खोली.
बावीस पायऱ्या. मोजल्या,
कारण प्रत्येकीवर आधी उजवाच पाय टाकावा लागत होता.

चौतीस वर्षं पालिकेच्या प्रसूतिगृहात
बायकांच्या कमरा धरल्या मी.
कळ आली? आता श्वास सोड, सोड म्हणते ना!
आता कूस बदलताना
माकडहाडाच्या जरा वर, डावीकडे,
बिजागरीत खडा अडकतो
आणि मी ओरडत नाही.
सिस्टर ओरडत नसतात.

एक्स-रेवाला म्हणाला, वय.
समोरच्या तांडेलीणबाई म्हणाल्या, पायाळू गाठ,
कमरेत लाथ घालून घे, उसण पळते.
पायाळू पोरं मी माझ्या हातांनी ओढून काढलीत,
शंभरावर असतील.
एकाचाही पत्ता माझ्याकडे नाही.

लिउंग सत्तरीचे. गंजीफ्रॉक, चष्म्याला दोरी,
मराठी माझ्यासारखीच, गोदीतली.
"पालथ्या पडा बाई. नाक भोकात."
भोकातून दिसते फरशी, एक मुंगी,
त्यांच्या कॅनव्हासच्या बुटांची टोकं.
मुठीची पाठ कमरेवर लाटण्यासारखी फिरते,
घाई नाही, पिठी नाही.

"तुइना म्हणतात. तुइ म्हणजे ढकल,
ना म्हणजे धर."
मला ऐकू येतं: तू ये ना.

"पहिला पेशंट माझा बाप," वरून आवाज येतो,
"बासष्टनंतर दर सोमवारी चौकीत हजेरी.
बाकडं होतं,
पण त्याला कुणी बस म्हणायचं नाही."

अंगठा थांबतो. तिथेच. बरोब्बर.
"मूल कुठल्या कडेवर घ्यायचात?"
मूल नाही मला.
ते गप्प. अंगठाही हलत नाही.
"हाड तर डावी म्हणतंय."

येशा.
मी नऊ वर्षांची, तो दीड. आई सुतळीच्या कारखान्यात.
नळावर, रेशनला, शाळेच्या फाटकापर्यंत
डावी कड बाहेर काढून तिरकी चालणारी मी,
उजव्या हातात घासलेटचा डबा.
उतरवला की भोकाड. अक्का, तू ये ना.
आता घाटकोपरला असतो.
खोलीच्या कागदांवरून अकरा वर्षं
आम्ही एकमेकांच्या दारात उभे नाही.

"कुशीवर व्हा. श्वास सोडा."
हे वाक्य माझं आहे, सांगायचं होतं,
तेवढ्यात खांदा मागे, खुबा पुढे,
आणि आत कुठेतरी
भुईमुगाची शेंग फुटावी इतकाच आवाज.

"सहा शनिवार यावं लागेल.
जड उचलू नका."
मी म्हटलं, आता काय उचलायचंय.

उतरताना पायऱ्या मोजायच्या राहिल्या.
बेकरीत भट्टी नुकतीच उघडली होती.
एक लादी पाव घेतला.
पिशवी? पोऱ्यानं विचारलं.
नको म्हटलं,
आणि कागदात गुंडाळलेली ती ऊब
डाव्या कडेवर घेऊन
जपून, सरळ चालत निघाले.