बर्फाच्या जागी

सोहारच्या डेपोत माझं टेबल तिसऱ्या खिडकीपाशी.
बाहेर नवी गाडी, नाकावर अजून प्लास्टिक.
नवरीसारखी, म्हटलं असतं,
पण कागदोपत्री ती अजून 'माल' आहे :
डबे आठ, सुट्या भागांची खोकी एकशे चाळीस,
आणि शेवटच्या ओळीत,
वजनाच्या रकान्यात शून्य लिहून,
'ज्ञान'.

ते ज्ञान माझ्या टेबलावरून जातं.
कोरियनचं इंग्रजी, इंग्रजीचं अरबी,
आणि मधे मी, कुर्डुवाडीची,
पानांना नंबर देणारी,
स्वल्पविराम हलला की कुठेतरी बोल्ट ढिला होतो
असं मानणारी.

चौदावं प्रकरण हिमाचं होतं.
तिकडच्या डोंगरात ही गाडी बर्फ फोडत जाते.
इथे कुणीतरी घाईघाईत
सगळीकडचा बर्फ पुसून वाळू घातली
आणि मसुदा माझ्यापुढे सरकवला :

वाळू वितळेपर्यंत कोमट पाणी सोडावे.
वितळलेली वाळू चरातून वाहून जाईल.
रात्री वाळू गोठल्यास चालकाने घाबरू नये.

मी हसले. एकटीच हसतेय हे लक्षात आल्यावर
पान घेऊन खाली गेले.

पेकसाहेब चाकापाशी उकिडवे बसले होते,
हातात बोटभर हातोडी, मान कलती.
बोल्टला टिचकी, मग ऐकणं.
टण् म्हणजे पुढे. टक् म्हणजे थांब.
(हे कुठल्याच प्रकरणात नाही. मी शोधलं.)
त्यांनी पान वाचलं. हसले नाहीत.
म्हणाले, "करारात अठरा प्रकरणं होती,
म्हणून अठरा पाठवली.
इथली वाळू आमच्याकडे कुणी पाहिलेलीच नाही."

गाडीखालून आधी बूट आले, मग शम्सा.
खाबूऱ्याची, शिकाऊ, कपाळाला ग्रीस.
"कुठली वाळू?" तिनं विचारलं,
गिरणीवाला विचारतो तसं : कुठलं दळण?

समुद्राकडची ओली असते, खारट.
पहाटे दवात बसते.
तेव्हाच झाडू मारलात तर लेप होतो, खरवडत बसा.
ऊन चढू द्या, आपणहून सुटेल.
घर्बी वाऱ्याची मात्र वेगळी.
ती दिसत नाही, दातांत कळते.
तिच्यावर हवा मारायची नाही, आत शिरते.
झाकायचं, आणि गप्प बसायचं.

मी लिहीत गेले. इंग्रजीत दोन्ही सँडच होत्या,
मनात मात्र एक रवा, एक पिठी.
पान दोनशे बारा.
'स्रोत' या चौकटीत निवडीला एकच शब्द होता : पुरवठादार.
तो खोडून मी हातानं लिहिलं :
शम्सा बिंत सईद, खाबूरा.

तीन आठवड्यांनी पान परत आलं,
मंजूर, शिक्क्यासकट, अक्षर न् अक्षर तेच.
चौकटीत पुन्हा पुरवठादार.
खाली बारीक टाइपात :
ही माहिती आमच्या मालकीची आहे,
परवानगीशिवाय इतरांस देऊ नये.

शम्साला दाखवलं. तिनं चहात खजूर बुडवला.
"वारा थोडाच माझा आहे," म्हणाली.
मग थोड्या वेळानं, कपाकडे बघत,
"पण दात माझे होते."

पेकसाहेब गुरुवारी गेले.
हातोडी ठेवून गेले. ती कुठल्याच यादीत नव्हती,
म्हणून तिला नंबर नाही.
शम्सा ती बुटात खोचते.

काल रात्री गाडी पहिल्यांदा पूर्ण वेगानं गेली.
आवाज यायच्या आधी गेली.
टेबलावरचं पाणी नंतर हललं.

आज सकाळी खिडकीच्या चौकटीवरून मी बोट फिरवलं
आणि जिभेला लावलं.
खारट नाही. दाढेखाली बारीक करकर.

खिडकी ओढून घेतली,
जिन्यातूनच ओरडले, अर्धं अरबी, अर्धं आपलं :
"शम्सा, घर्बी! हवेचा पाइप बंद कर!"
खालून टण् असा आवाज आला.